परकोटाबाहेरची अमरावती

१/
स्पेनमधील आविला आणि वऱ्हाडातील अमरावती ही दोन्ही तटबंदीची शहरे. आविलाचा तट जगभरच्या प्रवाशांना ठाऊक आहे. अमरावतीचा परकोट अमरावतीकरांपैकीही अनेकांनी एकसंध असा कधी पाहिलेला नाही. या दोहोंपैकी लांब तट कोणाचा? उत्तर ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटते. आविलाचा तट सुमारे अडीच किलोमीटरचा; अमरावतीचा परकोट ब्रिटिशकालीन गॅझेटिअरच्या नोंदीप्रमाणे सव्वादोन मैलांचा, म्हणजे सुमारे ३.६ किलोमीटरचा. हा थ्रेड त्या परकोटाविषयी आहे, आणि त्याहून अधिक त्याच्या बाहेर राहिलेल्यांविषयी.

२/
आधी आविला. माद्रिदच्या वायव्येस, उंच पठारावर वसलेले हे लहानसे शहर. १०८५ मध्ये सहाव्या अल्फान्सोने तोलेदो जिंकल्यानंतर ओसाड पडलेल्या या टापूत पुन्हा वस्ती करविण्यात आली आणि पुढे तट उभा राहिला. सरासरी उंची १२ मीटर, ऐंशीहून अधिक बुरूज, नऊ दरवाजे. युद्धाचे दिवस सरल्यावरही तटाचे काम संपले नाही. दरवाजावर मालाची जकात घेतली जाई आणि साथीच्या काळात येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवली जाई. १८८४ मध्ये स्पेनने या तटाला राष्ट्रीय स्मारक घोषित केले.

३/
१९८५ मध्ये आविला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. या नोंदीचे शीर्षक लक्षपूर्वक वाचण्याजोगे आहे : ‘आविलाचे जुने शहर आणि तटाबाहेरील चर्च’. तटाच्या दरवाजासमोरच उभे असलेले सान विसेंतेचे देखणे चर्च तटाबाहेर आहे. सान पेद्रोचे चर्चही तटाबाहेर आहे. आविलाचा वारसा ठरविणाऱ्यांनी सीमारेषा तटापाशी थांबवली नाही. भिंतीच्या आत काय आहे याइतकेच भिंतीने बाहेर काय ठेवले, हेही शहराच्या इतिहासात मोडते, हे त्या एका ओळीत मान्य झाले.

४/
हे शीर्षक राजापेठेतील एका भाड्याच्या खोलीत, परीक्षेच्या अभ्यासाच्या ओघात, दर्यापूर तालुक्यातून आलेल्या एका तरुणीने वाचले. राजापेठ हा अमरावतीच्या परकोटाबाहेरचा भाग. राजकमल चौकाकडून बडनेऱ्याकडे जाणारा रस्ता येथून जातो. दिवसभर वाहनांची रीघ, शिकवण्यांच्या पाट्या, खानावळी, झेरॉक्सची दुकाने. दोन वर्षे ती या शहरात राहत होती. सराफा बाजारात जाताना जवाहर गेटच्या कमानीखालून अनेकदा गेली होती. पण ती कमान कोणत्या भिंतीचा भाग आहे, ती भिंत पुढे कोठे जाते, हा प्रश्न तिला त्या दिवशी प्रथम पडला.

५/
परकोटाची गोष्ट १८०३ पासून सुरू होते. तोवर वऱ्हाडावर निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल होता. एकाच रयतेकडे दोन धन्यांचे वसुलीदार येत. १८०३ च्या नोव्हेंबरात आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावच्या लढाईत आर्थर वेलस्लीने भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलखावरचा हक्क दुसऱ्या रघूजी भोसल्यांना सोडावा लागला. तो मुलूख इंग्रजांचा मित्र असलेल्या निजामाकडे गेला. त्यात अमरावतीही होती.

६/
निजामाच्या पदरात पडलेले हे गाव सामान्य नव्हते. काळ्या कसदार जमिनीत पिकणारा वऱ्हाडचा कापूस येथे जमा होई. मुंबईचा लोहमार्ग येण्यापूर्वी या कापसाची एक मोठी वाट पूर्वेकडे, गंगाकाठच्या मिर्झापूरकडे जात असे. अंतर सुमारे ८०० किलोमीटर. कापूस बैलांच्या पाठीवर लादून बंजाऱ्यांचे तांडे निघत, आणि मिर्झापुराहून पुढे नावांतून माल बंगालकडे जाई. १८४२ साली एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर कापूस लादून कलकत्त्याकडे रवाना केला, अशी नोंद गॅझेटिअरमध्ये आहे. या आकड्यावरून या पेठेतील उलाढालीचा अंदाज बांधता येतो.

७/
जेथे धन, तेथे दरोडा. मराठी सत्ता खिळखिळ्या होत गेल्या तशा नर्मदेच्या खोऱ्यातून निघणाऱ्या पिंडाऱ्यांच्या टोळ्या मोकाट सुटल्या. पिंडारी मुलूख जिंकून तेथे राहण्यासाठी येत नसत. हलक्या सामानानिशी घोड्यांवरून अचानक येणे, लुटणे, जाळणे आणि फौज पोहोचण्यापूर्वी निघून जाणे, ही त्यांची रीत. अशा शत्रूपुढे डोंगरावरचा किल्ला निरुपयोगी. दूरच्या किल्ल्यातील शिबंदी खाली उतरेपर्यंत पेठ लुटली गेलेली असे. सावकाराच्या वखारीला हवे होते ते दारातच उभे असलेले संरक्षण.

८/
म्हणून १८०७ मध्ये निजाम सरकारने अमरावतीभोवती दगडी तट बांधावयास घेतला. उंची २० ते २६ फूट, घेर सव्वादोन मैल, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. गॅझेटिअरने हेतूही स्पष्ट लिहून ठेवला आहे : धनाढ्य व्यापाऱ्यांचे पिंडाऱ्यांपासून रक्षण. येथे क्षणभर थांबावे. हा राजवाड्याचा किंवा राजधानीचा तट नव्हे. कापसाच्या पैशाने भरलेल्या बाजाराची ही तिजोरी होती. पुढे १८१७-१८ च्या युद्धात इंग्रजांनी पिंडाऱ्यांचा बीमोड केला. ज्या भयाने तट बांधायला लावला ते भय काम सुरू झाल्यापासून अवघ्या अकरा वर्षांत संपले. तट मात्र उभाच राहिला.

९/
तटाच्या परिभाषेत दरवाजा आणि खिडकी यांत फरक आहे. दरवाजातून गाडी, घोडा, मिरवणूक जाते. खिडकी म्हणजे माणसाला पायी जाण्यापुरता लहान दिंडीदरवाजा. अमरावतीत नागपुरी, खोलापुरी, अंबा, जवाहर अशी गेटांची नावे आजही रोजच्या पत्त्यांत आहेत. नागपूर पूर्वेला, खोलापूर पश्चिमेला. म्हणजे दरवाजाचे नाव तो जिकडे तोंड करून उभा आहे त्या दिशेच्या गावाचे. खिडक्यांची नावे मात्र अधिक जवळची, मोहल्ल्यातली : माता खिडकी, पटेल खिडकी, छत्रपुरी खिडकी आणि खुनारी खिडकी.

१०/
यांतील शेवटचे नाव ऐकून कोणीही थबकेल. १८१८ मध्ये या खिडकीपाशी झालेल्या संघर्षात ७०० माणसे मारली गेली आणि म्हणून तिला खुनारी म्हणतात, असे गॅझेटिअर सांगते. साल पुन्हा पाहावे. पिंडाऱ्यांचा निकाल लागला तेच हे साल. बाहेरच्या संकटासाठी बांधलेल्या तटाच्या तोंडाशीच इतकी माणसे पडली, आणि त्यांपैकी एकाचेही नाव शहराच्या तोंडी राहिले नाही. राहिले ते केवळ खिडकीचे नाव. आज त्याच नावाने पत्ता सांगितला जातो, रिक्षा थांबते, आणि शब्दाचा अर्थ कोणी विचारीत नाही.

११/
राजापेठेतील त्या तरुणीने एका रविवारी तट पायी फिरावयाचे ठरविले. सोबत वही, पाण्याची बाटली आणि मोबाईलवरचा नकाशा. सुरुवात अंबा गेटपासून. पहिल्या शंभर पावलांतच एक गोष्ट तिच्या ध्यानी आली : आविलाप्रमाणे तटाच्या कडेने सलग चालणे येथे शक्य नाही. भिंत एका गल्लीत दिसे, दुसऱ्या गल्लीत घरांमागे नाहीशी होई. कोठे दगडांच्या सांध्यांतून पिंपळ फुटलेला, कोठे तटाला टेकून पत्र्याची टपरी, कोठे दगडावरच चुन्याने रंगवलेली जाहिरात. गल्ल्यांतून वळसे घेत ती पुन्हा अंबा गेटपाशी आली तेव्हा मोबाईलने साडेपाच किलोमीटर अंतर दाखविले.

१२/
वहीत तिने तीन खुणा केल्या होत्या. जेथे तट डोळ्यांना दिसतो तेथे सलग रेघ. जेथे तो घरांच्या मागे आहे असे लोक सांगतात तेथे तुटक रेघ. जेथे काहीच उरलेले नाही तेथे मोकळी जागा. सर्वांत लांब निघाली ती तुटक रेघ. म्हणजे तटाचा पुष्कळसा भाग नष्ट झालेला नाही. तो कोणाच्या तरी स्वयंपाकघराची, न्हाणीघराची, गोदामाची मागची भिंत होऊन जगतो आहे. पर्यटकाला तो दिसत नाही, कारण त्याच्याशी संसार मांडलेला आहे.

१३/
अशाच एका घरापुढे बाजेवर बसलेल्या वृद्ध गृहस्थांनी तिला हाक मारली. ‘काय लिवून रायली व पोरी? सर्वेवाली हायस का?’ नाही म्हटल्यावर त्यांचा आवाज निवळला. त्यांनी तिला आत नेऊन मागची खोली दाखविली. एका बाजूला विटांची भिंत आणि दुसऱ्या बाजूला छतापर्यंत गेलेले काळे, घडीव दगड. ‘माह्या बापानं ह्या भितीत एक खिया नाई ठोकला. कामून, त म्हने भित सरकारची हाय, सावली आपली हाय.’ उन्हाळ्यात कुलर लागत नाही, असेही त्यांनी सांगितले. दगडावर हात ठेवला तेव्हा तो खरोखरच थंड होता.

१४/
येथे या विषयाचा अवघड भाग सुरू होतो. परकोट मोकळा करावा, घरे हटवावीत, दिवे लावावेत, म्हणजे अमरावतीचे आविला होईल, असे म्हणणे सोपे आहे. इतिहासप्रेमी तरुणांना ते चटकन पटतेही. पण ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या या दगडांत खिळा ठोकला नाही, त्यांना उठवून तटाचे रक्षण होईल काय? आणि त्यांना तसेच राहू दिले, तर सांध्यांत शिरणारे पिंपळाचे मूळ कोण काढणार, ढासळता दगड कोण सावरणार? दोन्ही प्रश्न खरे आहेत. एकाचे उत्तर देताना दुसऱ्याकडे पाठ फिरविली की वारसा हा शब्द पोकळ होतो.

१५/
त्या फेरीत तिला आणखी एक गोष्ट उमगली. अमरावतीचे आराध्य दैवत असलेली अंबादेवी परकोटाच्या आत नाही. अंबा गेटमधून बाहेर पडावे आणि गांधी चौकाच्या बाजूने मंदिराकडे जावे. रुक्मिणीहरणाची कथा याच मंदिराशी जोडलेली आहे. विवाहापूर्वी दर्शनास आलेल्या रुक्मिणीला श्रीकृष्णाने येथूनच नेले, अशी वऱ्हाडची श्रद्धा. व्यापाऱ्यांच्या वखारी तटाने कवेत घेतल्या आणि देवी बाहेर राहिली. आविलाच्या शीर्षकात ‘तटाबाहेरील चर्च’ जे सांगतात, तेच येथे अंबादेवी सांगते : शहराचा जीव सगळा भिंतीच्या आत मावत नाही.

१६/
मात्र भिंत केवळ दगडाचीच असते असे नाही. परकोटाबाहेरच्या या मंदिराभोवती जातीची दुसरी भिंत होती आणि तिला खिडकीही नव्हती. १९२७ हे साल महाराष्ट्राला महाडमुळे ठाऊक आहे : मार्चमध्ये चवदार तळे, डिसेंबरमध्ये मनुस्मृतीचे दहन. या दोन घटनांच्या मध्ये अमरावती येते. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी येथील इंद्रभुवन थिएटरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. प्रश्न अंबादेवी मंदिरातील प्रवेशाचा होता. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह १९३० चा. म्हणजे अमरावतीने हा प्रश्न त्याआधी दोन वर्षांहून अधिक काळ उघड सभेत मांडला होता.

१७/
राजापेठेतील त्या तरुणीच्या घरात या परिषदेची एक आठवण आहे. तिचे पणजोबा दर्यापूरकडून चालत अमरावतीला आले होते. सोबत गावातील आणखी काही माणसे आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी. सभा आटोपून ते मंदिरावरून गेले, रस्त्यावरूनच कळस पाहिला आणि गावी परतले. घरात याहून अधिक कोणी काही सांगत नाही. शहरात कोठे उतरले, परकोट पाहिला का, सभेत काय ऐकले, हे कोणी विचारून ठेवले नाही. कोणत्याही गॅझेटिअरमध्ये अशा माणसांची नोंद नसते. एक लाख बैलांची नोंद मात्र असते.

१८/
मंदिरप्रवेशाच्या या चळवळीला डॉ. पंजाबराव देशमुखांचा पाठिंबा होता. पुढे अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या केल्या. शतकापूर्वी एका सरकारने व्यापाऱ्यांच्या संरक्षणासाठी भिंत बांधली होती. आता जिल्ह्याचा कारभार पाहणारी संस्था दुसऱ्या भिंतीला दार पाडीत होती. दोन्ही गोष्टी एकाच शहराच्या इतिहासातील आहेत. पहिलीचे दगड मोजता येतात. दुसरीचे मोजमाप विहिरीवरच्या घागरींनीच करावे लागेल.

१९/
दरम्यान शहरच परकोटाबाहेर पडू लागले होते. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे, १८६१ ते १८६५ या काळात, मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची ओढ लागली. १८६७ मध्ये मुंबईचा लोहमार्ग नागपूरला पोहोचला. वाटेवर बडनेरा होते. मिर्झापूरची वाट ओस पडली आणि बडनेऱ्याची वाट गजबजली. जिनिंग, प्रेस, कचेऱ्या, बंगले यांना तटाच्या आत जागा कोठून मिळणार? ज्या दिशेने आगगाडी आली, त्या दिशेने शहर पसरले. राजापेठ त्याच दिशेच्या रस्त्यावर आहे.

२०/
म्हणून राजापेठ जुनी नाही, तेथे पाहण्यासारखे काही नाही, हे म्हणणे उथळ आहे. तिचा इतिहास दगडी कमानीत सापडणार नाही. तो रस्त्याच्या वळणात आणि वस्तीच्या दिशेत सापडेल. खेड्यांतून कापसाच्या गाड्या आणणाऱ्यांना परकोटाच्या आत शिरण्याचे क्वचितच कारण पडत असेल. माल उतरवावा, पैसे मोजून घ्यावेत, बैलांना पाणी पाजून उजाडण्यापूर्वी परतीला लागावे. आज त्याच खेड्यांतील मुले-मुली शिकण्यासाठी येतात आणि परकोटाबाहेरच भाड्याने खोली घेतात. शहराशी त्यांचा संबंध बाहेरच्या बाजूनेच सुरू होतो.

२१/
फेरीच्या शेवटी ती अंबादेवीच्या रस्त्यावर आली. मंदिराचे दार आज सर्वांना खुले आहे. तिने मात्र आत पाऊल टाकले नाही. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेनंतर तिच्या घराची वाट निराळी झाली. पणजोबा बाहेर उभे राहिले तेव्हा निर्णय दुसऱ्यांचा होता. ती बाहेर उभी राहिली तेव्हा निर्णय तिचा होता. रस्ता तोच, गर्दी तशीच, फुलांचे ढीग तसेच. तिने वहीतल्या नकाशावर मंदिराची खूण केली आणि तिच्याशेजारी ‘१३ नोव्हेंबर १९२७’ असे लिहिले.

२२/
आता तो नकाशा तिच्या खोलीच्या भिंतीवर आहे. त्यात पाच दरवाजे आणि चार खिडक्या आहेत. तटाची सलग रेघ, तुटक रेघ आणि मोकळी जागा आहे. आणि रेघेच्या बाहेर अंबादेवी, इंद्रभुवन, बडनेऱ्याची वाट व राजापेठ आहे. वृद्ध गृहस्थांच्या खोलीतील थंड दगडालाही त्यात लहानसा ठिपका मिळाला आहे, घर ओळखू येणार नाही इतपत लहान. अमरावतीचा वारसा म्हणून काय काय जपावे, या प्रश्नाचे तिने स्वतःपुरते दिलेले हे उत्तर आहे. सरकारी यादीपेक्षा ते लांब आहे.

२३/
अमरावतीला गेल्यास परकोट असा पाहावा. अंबा गेटपासून सकाळी लवकर निघावे, ऊन चढण्यापूर्वी. दरवाजांबरोबर खिडक्याही शोधाव्यात. त्यांसाठी चौकातील वडीलधाऱ्यांना विचारावे, मोबाईलला नव्हे. घरांमागची भिंत पाहावयाची असल्यास परवानगी मागावी आणि छायाचित्रापूर्वी चहा घ्यावा. खुनारी खिडकीपाशी क्षणभर थांबावे. परत येताना बडनेऱ्याच्या रस्त्याने राजापेठेपर्यंत चालावे आणि शहर कोणत्या बाजूला वाढले ते पाहावे.

आपल्या गावाच्या तटाची, वेशीची, वेशीबाहेरच्या वस्तीची अशी काही माहिती असेल तर खाली अवश्य लिहावी. घरातील आजी-आजोबांना आजच विचारावे. परकोटाचे दगड आणखी काही वर्षे थांबतील. सांगणारी माणसे तितकी थांबणार नाहीत.

(थ्रेड समाप्त)